वालपोलिचेल्ला पहिल्यांदा बघायला-चाखायला जाताय? मग द्राक्ष वाळवण्यापासून सुरू करा

माझं माहेर तासगाव तालुक्यातलं. घरची द्राक्षबाग, आणि दर उन्हाळ्यात बेदाण्याचं शेड, त्यामुळे द्राक्ष वाळवणं म्हणजे काय हे मी शाळेत जायच्या आधीपासून बघत आले. नवऱ्याच्या नोकरीमुळे इटलीत वेरोनाजवळ राहायला आले तेव्हा वाईनमधलं मला काहीच कळत नव्हतं. पहिल्याच नोव्हेंबरात शेजारच्या बाईंबरोबर एका वायनरीच्या माडीवर गेले, तर तिथं पार छतापर्यंत क्रेट रचलेले, प्रत्येकात द्राक्षाचे घड एकाच थरात पसरलेले, खिडक्या सताड उघड्या आणि अर्धवट सुकलेल्या द्राक्षाचा तो ओळखीचा वास. डोळ्यात पाणीच आलं माझ्या. तिथूनच घरी आण्णांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी दोन मिनिटं सगळं नीट बघितलं आणि म्हणाले, "अगं, डिपिंग कशात करतात विचार की." डिपिंग म्हणजे वाळवण्याआधी घड द्रावणात बुडवून काढणं. मी विचारलं. कशातच नाही. नुसती हवा. "मग तीन महिने लागणारच की," आण्णा म्हणाले, आणि खरंच तेवढेच लागतात.

आता नात्यातले, ओळखीतले लोक इकडे फिरायला येतात आणि सगळ्यांचा गोंधळ एकाच ठिकाणी होतो. दुकानात वालपोलिचेल्ला, रिपास्सो, अमारोने, रेचोतो अशा चार नावांच्या बाटल्या, किमती ८ युरोपासून पार शंभराच्या वर, आणि नक्की फरक काय हे कोणी धड सांगत नाही. खरं तर चारही वाईन वेरोनाजवळच्या वालपोलिचेल्ला या एकाच भागातल्या आणि त्याच दोन-तीन जातींच्या द्राक्षांच्या, फरक आहे तो द्राक्ष वाळवलं की नाही, किती वाळवलं आणि नंतर त्याच्या चोथ्याचं काय केलं याचा. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप लागत जातं, म्हणून मी त्याच क्रमानं सांगते.

१. आधी जागा समजून घ्या

वेरोना शहराच्या उत्तरेला लेस्सिनी नावाचे डोंगर आहेत, त्यांच्या पायथ्याशी हाताच्या बोटांसारख्या दऱ्या खाली उतरतात, तो हा भाग. पश्चिमेला गार्दा तलाव, आणि आदिजे नदी वळसा घालून वेरोनात शिरते. तलावामुळे हिवाळा फार कडक होत नाही आणि डोंगरावरून रात्री गार वारा येतो, दिवस-रात्रीच्या तापमानात हा जो फरक पडतो त्यामुळे द्राक्षात साखर भरते तरी आंबटपणा टिकून राहतो.

तीन शब्द लक्षात ठेवा. 'क्लास्सिको' म्हणजे पश्चिमेकडचा जुना भाग, त्यात पाच गावं येतात: नेग्रार, मारानो, फुमाने, सांत आम्ब्रोजो आणि सान पिएत्रो इन कारियानो. 'वालपांतेना' म्हणजे शहराच्या वर उत्तरेला जाणारी एक वेगळी दरी. आणि लेबलवर या दोन्हीपैकी काहीच नसेल तर बहुतेक करून ती वाईन पूर्वेकडच्या दऱ्यांतली असते, मेद्झाने, इल्लाझी वगैरे. क्लास्सिको म्हणजे चांगली आणि बाकीची कमी असं अजिबात नाही हां, तो शब्द फक्त जागा सांगतो. पूर्वेकडे अतिशय मेहनतीनं काम करणारे लोक आहेत, माझ्या सगळ्यात आवडत्या बाटल्यांपैकी दोन तिकडच्याच आहेत.

जमीन बघितली की मला घरची आठवण येते. बराचसा भाग चुनखडीचा आहे, पण काही टेकड्यांवर ज्वालामुखीतून आलेला काळा खडक आहे, आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या जातीचाच. उतारावर चिखल-सिमेंट न वापरता नुसत्या दगडांचे बांध घातलेले दिसतील, त्यांना इकडे 'मारोन्ये' म्हणतात. असे बांध जुने झाले की पावसात ढासळतात आणि दर वर्षी हातानं परत रचावे लागतात.

उच्चार पण सांगून ठेवते. वालपोलिचेल्ला, 'सेला' नाही. रेचोतो, 'रेसिओटो' नाही. अमारोने, शेवटी 'ने' म्हणायचं. नीट उच्चारलं की समोरचा माणूस लगेच मोकळा होऊन बोलायला लागतो, हा माझा अनुभव आहे.

२. द्राक्षाच्या जाती: मुख्य तीनच पाठ करा

कोरविना ही मुख्य. नियमानं मिश्रणात तिचा वाटा ४५ ते ९५ टक्के असावा लागतो. नाव कावळ्यावरून, कारण मणी काळेभोर. साल जाड, म्हणून वाळवायला उत्तम, आंबटपणा चांगला आणि चवीला आंबट चेरी. बागायतदारांसाठी महत्त्वाची गोष्ट म्हणजे कोरविनाच्या काडीवरच्या तळाच्या पहिल्या काही डोळ्यांना घड फारसा येत नाही, म्हणून काडी लांब ठेवावी लागते. आपल्याकडे थॉमसन जातीच्या बागेत घडाचा डोळा कितव्या नंबरावर आहे ते तपासून मगच फळछाटणी घेतात, त्यामुळे हे आण्णांना सांगायला मला अर्धं वाक्य पुरलं.

कोरविनोने नावावरून 'मोठी कोरविना' वाटते आणि बरीच वर्षं लोकही तसंच समजत होते, पण नंतर अभ्यासातून कळलं की ही वेगळीच जात आहे. मणी मोठे, घड मोठा. कोरविनाचा काही वाटा हिनं भरून काढता येतो.

तिसरी रोंदिनेल्ला, मिश्रणात ५ ते ३० टक्के. हिचं नाव पाकोळीवरून आलंय, पंखांसारखा काळसर रंग म्हणून. ही कोरविनाचीच लेक आहे, हे डीएनए तपासणीत सिद्ध झालंय. रोगाला कमी बळी पडते, दर वर्षी भरवशानं माल देते. वाईनवाले हिच्याबद्दल फार कौतुकानं बोलत नाहीत पण शेतकऱ्याला विचारा, कोणत्या झाडानं वाईट वर्षात तारलं ते.

मोलिनारा पूर्वी सक्तीची होती, आता नाही. मोलिनारा म्हणजे चक्कीवाली, मण्यावर पिठासारखी पांढरी लव असते म्हणून. आणि ओझेलेता नावाची एक जुनी, बारीक मण्यांची जात हल्ली काही जण परत लावतायत, तिच्यामुळे रंग आणि तुरटपणा वाढतो. बाकीच्या सुट्या जाती सोडून द्या, सुरुवातीला त्यांची गरज नाही.

३. बागेत गेलात तर वर बघा

इथला जुना मांडव म्हणजे 'पेर्गोला वेरोनेझे'. खांबावरून आडवा बाहू निघतो, त्यावर तारा, त्यावर काड्या पसरतात आणि घड खाली सावलीत लोंबतात. आपला मांडव आणि 'वाय', म्हणजे इंग्रजी Y च्या आकाराचा आधार, या दोन्हीच्या मधलं काहीतरी समजा. काही वर्षांपूर्वी बरेच लोक मांडव काढून सरळ उभ्या तारांवर, म्हणजे गुयो पद्धतीवर गेले, कारण त्यात झाडं दाट लावता येतात आणि मशीन फिरवायला सोपं पडतं. पण हल्ली उन्हाळे कडक व्हायला लागले, कोरविनाचे मणी उन्हानं भाजतात, आणि मांडवाची सावली परत चांगली वाटायला लागली. मला विचाराल तर कोरविनासाठी मांडवच बरा, एक तर लांब काडीला जागा मिळते आणि घडाभोवती हवा खेळते.

आपल्याकडून येणाऱ्यांचा हमखास होणारा घोळ म्हणजे छाटणी. आपण एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळछाटणी करतो, वर्षातून दोनदा. इथं झाड थंडीत खरोखर झोपतं, त्यामुळे छाटणी एकदाच, हिवाळ्यात. एप्रिलला डोळे फुटतात, मे अखेर ते जूनमध्ये फुलोरा, ऑगस्टला मण्यात रंग भरतो आणि सप्टेंबर मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत तोडणी. रोग मात्र तेच, डावणी आणि भुरी. आणि गारपीट. जून-जुलैत आभाळ काळवंडलं की इथला शेतकरी जसा दारात येऊन उभा राहतो तसेच आमचे आण्णा उभे राहतात.

तोडणीत एक गोष्ट जरूर बघा. वाळवायचे घड वेगळे निवडतात, हातानंच. घट्ट, गच्च भरलेला घड चालत नाही, सुटा घड लागतो, म्हणजे मण्या-मण्यातून वारा गेला पाहिजे. एक मणी फुटलेला असला तरी कात्रीनं काढून टाकतात, कारण तिथूनच बुरशी सुरू होते आणि अख्खा क्रेट जातो. टेबलावर खायच्या द्राक्षासाठी आपण जी विरळणी करतो तिची इथं अशी निवड करताना आठवण येते.

४. फ्रुत्तायो: इथं जास्त वेळ थांबा

द्राक्ष वाळवायच्या जागेला फ्रुत्तायो म्हणतात आणि वाळवण्याच्या प्रक्रियेला आपास्सिमेंतो. जुन्या पद्धतीत बांबू किंवा वेताच्या चटयांच्या मांडणीवर घड पसरायचे, त्या मांडणीला 'अरेले' म्हणतात. आधी याच मांडणीवर रेशमाचे किडे वाढवायचे, त्यांचा हंगाम संपला की द्राक्ष. आता बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकचे किंवा लाकडी क्रेट असतात, पण काही जुन्या घरात अरेले अजून बघायला मिळतात.

आमच्याकडे बेदाणा करताना घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतात, सालीवरचा मेणाचा थर मोकळा होतो, मग शेडमध्ये रॅकवर जाळीवर टाकले की उन्हाळ्याच्या कोरड्या गरम हवेत दोन आठवड्यांच्या आसपास माल तयार. साधारण चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा. इथं उलट. काहीही लावत नाहीत, हवा थंड, नोव्हेंबर-डिसेंबरात धुकं, त्यामुळे पाणी हळूहळू उडतं, ९० ते १२० दिवस चालतं आणि वजन फक्त ३० ते ४० टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे बेदाणा होत नाही, मणी सुरकुततो पण आत रस राहतो. आणि हळू वाळण्यामुळे फक्त साखर घट्ट होते एवढंच नाही, तोडलेल्या घडात आतल्या आत बदल चालू राहतात, सुगंधाची द्रव्यं बदलतात, ताज्या चेरीचा वास हळूहळू वाळलेल्या चेरीकडे, आलूबुखाराकडे जातो. घाई केली तर हे सगळं होत नाही.

सगळ्यात मोठी भीती बुरशीची. दमट आठवडा आला की पूर्वी घरातली माणसं रात्री उठून खिडक्या उघड-बंद करायची, आता पंखे आणि आर्द्रता मोजणारी यंत्रं आहेत. तरीही रोज कोणीतरी क्रेट तपासत फिरतंच.

नियम पण कडक आहेत. हेक्टरी जास्तीत जास्त १२ टन उत्पादन, त्यातला ठरावीक हिस्साच वाळवायला ठेवता येतो, आणि १ डिसेंबरच्या आधी ही द्राक्षं गाळायला परवानगी नाही. १०० किलो ताज्या द्राक्षापासून साधी वालपोलिचेल्ला ७० लिटरपर्यंत करता येते, अमारोने मात्र ४० लिटरच्या वर नाही. अमारोने महाग का हा प्रश्न मला दर वेळी विचारतात, त्याचं अर्धं उत्तर या आकड्यात आहे आणि उरलेलं अर्धं त्या रोजच्या राखणीत.

५. चार वाईन, आता सोप्या क्रमानं

*वालपोलिचेल्ला.* न वाळवलेल्या ताज्या द्राक्षाची. हलकी, चेरीची, आंबटसर, अल्कोहोल कमी. थोडी गार करून, १४-१६ डिग्रीला प्यायची. 'सुपेरिओरे' लिहिलं असेल तर एक वर्ष मुरवलेली आणि किमान १२ टक्के अल्कोहोल. नवखे लोक हिच्याकडे बघतही नाहीत, थेट अमारोनेकडे जातात, आणि मला ते फार खटकतं, कारण कोरविना म्हणजे काय हे कळायचं असेल तर ती याच वाईनमध्ये उघडी दिसते.

*रेचोतो.* ही सगळ्यात जुनी. वाळवलेल्या द्राक्षाची गोड वाईन. सहाव्या शतकात राजा थिओडोरिकचा मंत्री कासिओदोरुस यानं वेरोनाकडच्या अशाच वाळवलेल्या द्राक्षाच्या वाईनचं वर्णन लिहून ठेवलंय, तेव्हा तिला आचिनातिको म्हणायचे. रेचोतो हे नाव इथल्या बोलीतल्या 'रेचे' म्हणजे कान या शब्दावरून आलं. घडाच्या वरच्या बाजूला दोन्हीकडे जे छोटे फाटे असतात ते घडाचे कान, त्यांना ऊन जास्त मिळतं म्हणून ते जास्त गोड, पूर्वी तेवढेच तोडून वाळवायचे. साखर शिल्लक असतानाच फर्मेंटेशन, म्हणजे रस आंबणं, थांबतं किंवा थांबवतात.

*अमारोने.* रेचोतोच, पण सगळी साखर यीस्टनं खाऊन टाकलेली, त्यामुळे गोड नाही. 'अमारो' म्हणजे कडू, त्यावरून नाव. असं सांगतात की १९३६ साली नेग्रारच्या सहकारी वायनरीत रेचोतोचं एक पिंप विसरलं गेलं, आत फर्मेंटेशन चालूच राहिलं, आणि उघडल्यावर गोडाच्या ऐवजी ही निघाली. जुनी माणसं अजूनही तिला 'निसटलेली रेचोतो' म्हणतात. किमान अल्कोहोल १४ टक्के, पण प्रत्यक्षात बहुतेक १५-१६ असतं, सांभाळून. तोडणीनंतरच्या १ जानेवारीपासून किमान दोन वर्षं मुरवावी लागते, रिझेर्वा असेल तर तोडणीच्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून चार वर्षं. वाळलेली चेरी, कोको, काळा मनुका, दालचिनी असं सगळं येतं.

*रिपास्सो.* अमारोने किंवा रेचोतो काढून झाल्यावर उरलेल्या चोथ्यावर साधी वालपोलिचेल्ला ओततात आणि परत फर्मेंटेशन होऊ देतात. वापरलेल्या चहापत्तीवर पाणी ओतण्यासारखं काही जण समजतात तसं नाही. चोथ्यात साखर, यीस्ट, सालीचा रंग आणि वास अजून भरपूर असतो, वर ओतलेली आधीच तयार वाईन असते, त्यामुळे दोन्ही मिळून काहीतरी भरीव तयार होतं. किती ओतायची यावरही मर्यादा आहे, अमारोने-रेचोतो जितकी निघाली त्याच्या दुपटीपर्यंतच. साध्या शेतकऱ्याची काहीही वाया न घालवण्याची ही पद्धत मला मनापासून आवडते.

अमारोने आणि रेचोतो यांना २०१० च्या हंगामापासून डीओसीजी हा सगळ्यात वरचा दर्जा आहे. वालपोलिचेल्ला आणि रिपास्सो डीओसी, म्हणजे त्याच्या खालचा दर्जा.

६. लेबल वाचताना फसू नका

पहिल्या वर्षी पाहुणे येणार म्हणून मी सुपरमार्केटमधून 'आपास्सिमेंतो' असं ठळक लिहिलेली बाटली आणली आणि सगळ्यांना अमारोने म्हणून दिली. ती अमारोने नव्हतीच. लेबलवर बारीक अक्षरात 'आयजीटी' होतं, म्हणजे मोकळ्या नियमांची वाईन, त्यात थोडी वाळवलेली द्राक्षं होती आणि बऱ्यापैकी गोडी. पाहुण्यांमध्ये एक इटालियन जोडपं होतं, त्यांनी काही बोलून दाखवलं नाही पण मला नंतर कळल्यावर खूप वाईट वाटलं. म्हणून आता सांगते:

- 'आपास्सिमेंतो' हा शब्द प्रक्रियेचा आहे, अमारोने हे वाईनचं नाव आहे. बाटलीवर 'अमारोने देल्ला वालपोलिचेल्ला' असं पूर्ण हवं.
- मानेवर किंवा बुचावर नंबर छापलेली सरकारी पट्टी हवी. डीओसीजी बाटलीला ती असतेच.
- अमारोने फार म्हणजे फारच स्वस्त दिसली तर थांबा. वर सांगितलेला ४० लिटरचा हिशोब आठवा.
- वर्ष बघा. अमारोने तरुण असताना जरा दांडगी असते, सात-आठ वर्षांची मिळाली तर घ्या. साधी वालपोलिचेल्ला उलट, ताजी घ्या.
- जुन्या बाटल्यांवर 'रेचोतो देल्ला वालपोलिचेल्ला अमारोने' असं लिहिलेलं सापडेल, ते चूक नाही, पूर्वी तसंच लिहायचे.

७. जायचं कधी, कसं, आणि कागदपत्रं

लोक सप्टेंबरात येतात, तोडणी बघायची म्हणून. तेव्हा वायनरीवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. माझं ऐका, नोव्हेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत या, फ्रुत्तायो भरलेला असतो, थंडी असते पण माणसं निवांत बोलतात. फेब्रुवारीत आलात तर नुसते रिकामे क्रेट. ईस्टरच्या सुमारास नेग्रारला रेचोतोची स्पर्धा-जत्रा असते, पालियो देल रेचोतो, तीही छान. १५ ऑगस्टच्या आसपास मात्र येऊ नका, सगळा इटली सुट्टीवर असतो.

आधी ई-मेल किंवा फोन करून वेळ ठरवल्याशिवाय जाऊच नका. आम्ही एकदा रविवारी मुलांना घेऊन न विचारता एका वायनरीच्या गेटपर्यंत गेलो आणि बंद गेट बघून तसेच परत आलो. ई-मेलमध्ये तीन गोष्टी स्पष्ट लिहा: किती माणसं, इंग्रजीत माहिती हवी, आणि फ्रुत्तायो बघायचाय. तिसरी गोष्ट लिहिली नाही तर बऱ्याचदा फक्त तळघर दाखवतात. टेस्टिंगचे पैसे किती तेही आधीच विचारा.

भारतातून येणाऱ्यांसाठी शेंगेन व्हिसाची तयारी:

- पासपोर्ट: परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, दोन पानं कोरी, आणि दहा वर्षांच्या आत काढलेला
- फॉर्म, फोटो, जाण्यायेण्याचं आणि राहण्याचं बुकिंग
- किमान ३०,००० युरो कव्हरचा ट्रॅव्हल इन्शुरन्स
- बँक स्टेटमेंट, नोकरीचं पत्र किंवा व्यवसायाचे कागद. शेतकरी असाल तर सातबारा आणि उत्पन्नाचे जे कागद असतील ते, भाषांतरासह
- गाडी चालवणार असाल तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण १५ दिवसांवर अजिबात भरवसा ठेवू नका, दोन-तीन महिने हाताशी ठेवा.

गाडीबद्दल गंभीरपणे सांगते. इथं मर्यादा लिटर रक्तात अर्धा ग्रॅम अल्कोहोल आणि दंड मोठा. १६ टक्क्यांच्या अमारोनेचे चार घोट घेऊन डोंगरातल्या अरुंद रस्त्यावर गाडी चालवू नका. वेरोनाहून एटीव्हीच्या बस नेग्रार, सान पिएत्रोकडे जातात, रविवारी कमी असतात. नाहीतर टॅक्सी, नाहीतर एकानं प्यायचीच नाही असं आधी ठरवा.

आणि गावाकडच्या पोरांसाठी खास. तोडणीचं काम करायला टुरिस्ट व्हिसावर येता येत नाही. त्यासाठी इथल्या मालकानं आधी सरकारकडून 'नुल्ला ओस्ता' म्हणजे कामाची परवानगी काढावी लागते, तीही सरकार दर वर्षी जो कोटा जाहीर करतं त्याच्यात बसून, मग सीझनल व्हिसा, आणि आल्यावर आठ कामाच्या दिवसांत राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज. "लाखभर द्या, टुरिस्टवर नेतो, तिथं गेल्यावर बघू" म्हणणाऱ्या एजंटच्या नादी लागू नका. असा फसलेला एक मुलगा मी इथं बघितलाय, पासपोर्ट दुसऱ्याच्या हातात आणि राहायला जागा नाही. घरी सांगायचीही चोरी. नुल्ला ओस्ताचा कागद हातात बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

८. चाखताना

क्रम हलक्याकडून जडाकडे: वालपोलिचेल्ला, सुपेरिओरे, रिपास्सो, अमारोने, शेवटी रेचोतो. आधी अमारोने घेतली तर नंतर साधी वाईन पाण्यासारखी लागते. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, त्यात थुंकणं इथं अजिबात असभ्य नाही, सगळे जाणकार तेच करतात. पोट रिकामं ठेवून जाऊ नका.

शाकाहारी असाल तर आधी सांगा, कारण ताटात हमखास सलामी, म्हणजे डुकराच्या मांसाचे काप, येतात. इथलं डोंगराळ चीझ मोंते वेरोनेझे, त्यातलं जुनं मुरलेलं, अमारोनेबरोबर फार सुंदर लागतं. अमारोने घालून केलेला रिसोत्तो पण जरूर खा, जांभळा भात बघून दचकू नका. ज्यांना घोड्याचं मांस चालत नाही त्यांनी मेन्यूवर 'पास्तिस्सादा दे कावाल' दिसलं की सावध व्हा, तो घोड्याच्या मांसाचा रस्साच असतो.

आपल्या जेवणाबरोबर काय, हे मी घरी बरंच करून बघितलंय. अमारोने आणि तांबडा रस्सा अजिबात नको, जास्त अल्कोहोलमुळे तिखट आणखी पेटतं. तिखटाबरोबर गार केलेली साधी वालपोलिचेल्ला छान जाते. अमारोनेला खोबरं-कांदा भाजून केलेलं, कमी तिखट, सावकाश शिजवलेलं मटण द्या, किंवा भरली वांगी. आणि रेचोतो पुरणपोळीबरोबर घेऊ नका, गोडावर गोड होतं. तिच्याबरोबर कडसर डार्क चॉकलेट घ्या.

९. बाटल्या घरी नेताना

भारतात मोठ्या माणसाला माणशी २ लिटरपर्यंत दारू-वाईन ड्युटी न भरता आणता येते. एक बाटली ७५० मिली, म्हणजे दोन बाटल्या आरामात, तिसरीला २.२५ लिटर होतात आणि ड्युटी लागू शकते. दोघं असाल तर मिळून पाच बसतात असं वाटतं, पण मोजणी माणशी होते, त्यामुळे प्रत्येकी दोनच धरा. रेचोतो बऱ्याचदा अर्ध्या लिटरच्या बाटलीत मिळते, दोन मोठ्या आणि एक छोटी मिळून बरोबर २ लिटर, मी दर वेळी असंच जमवते. हातातल्या सामानात बाटली चालत नाही, चेक-इन बॅगेत कपड्यात गुंडाळून मधोमध ठेवा.

पोचल्यावर लगेच उघडू नका, दोन-तीन आठवडे आडवी, अंधारात राहू द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, माळ्यावर ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा चाळिशीला टेकतो, पत्र्याखाली किंवा स्वयंपाकघरात ठेवलेली वाईन शिजल्यासारखी होते आणि चव जाते. वाईनसाठी वेगळा फ्रिज नसेल तर साध्या फ्रिजच्या खालच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. अमारोने प्यायच्या तास-दीड तास आधी बाहेर काढून, उघडून ठेवा, १८ डिग्रीच्या आसपास यायला हवी. उरलेली बूच लावून परत फ्रिजमध्ये, तीन-चार दिवस चांगली राहते. रेचोतो आठवडाभरही टिकते, आण्णांनी तर ती पंधरा दिवस रोज एक छोटा घोट अशी पुरवली होती.